तीन रविवार आणि पप्पांची हरकत

माझे वडील संत आहेत, असं आमच्या चर्चमध्ये सगळ्यांचं एकमत आहे. हे मत ठरवताना आईला आणि मला कुणी विचारलं नव्हतं. संत तसबिरीत असला की त्याला हार घालून मोकळं होता येतं. तो घरात असला की त्याने मागे सोडलेली कामं आपल्याला करावी लागतात.

पप्पा मूळचे सोयगाव तालुक्यातले. तरुणपणी शहरात आले, वाळूजच्या एका कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच मालाची तपासणी करत राहिले. मशिनवरून उतरलेला प्रत्येक भाग मापात बसतो का ते बघायचं, नाही बसला तर नापास करायचा, एवढंच काम. पण ज्याचा माल नापास व्हायचा त्याला पप्पा दुपारी आपल्या डब्यातली भाजी द्यायचे, त्यामुळे कंपनीत त्यांच्यावर कुणी कधी चिडलं नाही. निम्म्या कंपनीला माझ्या हातच्या वांग्याची चव माहितीय, फक्त नवऱ्याला नाही, असं आई म्हणायची. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी घरातही लावला. दोष दिसला की आपण आधी सांगायचा, घेणाऱ्याला तो सापडायची वाट बघायची नाही.

आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. मोटारी सुरू होतात, पाइप ओढले जातात, माणसं एकमेकांवर खेकसतात. आमची मोटार सुरू झाली की पप्पा पाइप उचलून शेजारच्यांच्या टाकीत सोडायचे, कारण त्यांच्याकडे म्हातारी आहे. मग पलीकडे, कारण तिथं तान्हं बाळ आहे. मग समोर, कारण त्यांच्याकडे पाहुणे आलेत. आमच्या टाकीची पाळी येईपर्यंत नळातून नुसती हवा यायची.

"अहो, इथं पण एक बाई म्हातारी व्हायला लागलीय," आई म्हणायची. "तिच्यासाठी बादलीभर ठेवा."

पप्पा तिची माफी मागायचे. इतकी मनापासून मागायचे की तिला पुढचं भांडताच यायचं नाही, आणि तिची खरी तक्रार तीच होती.

संध्याकाळी जपमाळ. ती सगळ्याच कॅथलिक घरांत होते आणि वीस मिनिटांत आटोपते. आमच्याकडे शेवटी पप्पांच्या विनंत्या असायच्या. आजाऱ्यांसाठी, बेकारांसाठी, महापालिकेसाठी, त्यांना चावलेल्या कुत्र्याला पुन्हा कुणाला चावायची बुद्धी होऊ नये म्हणून. एकदा आईने मध्येच स्वतःची विनंती घातली, "ज्यांची खिचडी गार होतीय त्यांच्यासाठी." पप्पा डोळे मिटलेले ठेवूनच म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आणि ह्या माणसाच्या पोटी मी. मी एका लॅबमध्ये रक्त घेते. माझ्यासमोर हात पुढे केला की शीर भीतीने आपोआप वर येते, असं तिथले लोक म्हणतात. राग माझ्या नाकावर असतो हे म्हणणंही कमीच आहे, तो नाकाच्या पुढे दोन बोटं असतो. चर्चमधल्या बायका आईला म्हणायच्या, "खाण तशी माती म्हणतात, तुमच्याकडं कसं उलटं झालं?" मग मी त्यांना उत्तर द्यायचे आणि त्यांचं म्हणणं खरं ठरायचं.

माझं वय एकतीस झालं आणि तीन स्थळं माझ्या तोंडामुळे परत गेली. त्यातल्या एकाच्या आईने मला चालून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, आधी तुमच्या मुलाला चालू द्या, मग बघते. चौथं स्थळ आत्याने आणलं. मुलगा शाळेत चित्रकला शिकवतो, वडील जेलात शिपाई म्हणून लागले, जागोजाग बदल्या होत सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि नुकतेच हर्सूलला घर बांधून राहिलेत. शहरात नवीन असल्यामुळे त्यांना माझी कीर्ती ठाऊक नव्हती. आत्याने त्यांना सांगितलं, "पोरगी बापावर गेलीय. तोंडातून शब्द निघत नाय."

ते बघायला आले त्या दिवशी खरंच निघत नव्हता. माझी अक्कलदाढ सुजली होती आणि तोंड बोटभरही उघडत नव्हतं. मी मान खाली घालून बसले आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हुंकार दिला. सुभेदारकाका खूश झाले. मुलाच्या मात्र लक्षात आलं असावं. त्याने माझ्या कपात बिस्कीट मोडून बुडवलं, चमचा घातला आणि कप माझ्यापुढे सरकवला, कुणाला काही न सांगता. तिथंच माझं ठरलं. हे लग्न मला हवं होतं, असं ह्याआधी कुठल्याच स्थळाबद्दल मला वाटलं नव्हतं. पुढे महिनाभर मी त्याच्याशी फोनवर इतक्या हळू आवाजात बोलले की आई दोनदा ताप आहे का बघून गेली.

आमच्यात लग्न ठरलं की त्याची सूचना सलग तीन रविवार चर्चमध्ये वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, ह्यांच्या लग्नाला कुणाला काही हरकत माहीत असेल तर त्यांनी ती फादरांना कळवावी. हे वाचलं जातं तेव्हा कुणी ऐकत नाही. बायका साड्या बघत असतात, पुरुष चपला कुठे काढल्या ते आठवत असतात. मी इतकी वर्षं मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाते, हरकत घ्यायला कुणी उठलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्या रविवारी माझी सूचना वाचली गेली. सोमवारी सकाळी पप्पा पांढरा शर्ट घालून फादरांच्या ऑफिसात हजर झाले.

हे आम्हाला फादरांकडूनच कळलं. ते तरुण आहेत, स्कूटीवर फिरतात. संध्याकाळी घरी आले आणि बराच वेळ चहाच्या कपात बघून हसत राहिले. पप्पांनी त्यांना सांगितलं होतं की मुलगी रागीट आहे आणि मुलाकडच्यांना ते माहीत नाही. फादरांनी समजावलं की हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, जबरदस्ती असलं काही. स्वभाव हरकतीत बसत नाही.

"मग कशात बसतो, फादर?" पप्पांनी विचारलं होतं.

"संसारात," फादर म्हणाले होते.

फादर गेल्यावर मी पप्पांना जे काही बोलायचं ते बोलले. समोरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं मला ऐकू आलं. पप्पा शांतपणे ऐकून घेत होते, अधूनमधून "व्हय माय" म्हणत होते. आईने त्यांच्याकडून शब्द घेतला की ह्यापुढे हरकत घेऊन फादरांकडे जायचं नाही. पप्पांनी शब्द दिला आणि तो पाळला. शनिवारी ते फादरांकडे न जाता सरळ हर्सूलला गेले.

दुसऱ्या रविवारी मिस्साहून परत आल्यावर, चहा पिताना, त्यांनी सांगितलं. "पाव्हण्यांच्या घरी जाऊन आलो. समदं सांगितलं. लिहून बी दिलं."

आईने कप खाली ठेवला. "काय लिहून दिलं?"

"जे हाय ते. उद्या त्यांना कळण्यापरीस आज आपून सांगितलेलं बरं."

मी गप्प बसले तेव्हा आई घाबरली, कारण असं आधी कधी झालं नव्हतं. मी आत जाऊन मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. सोमवारी लावला, उचलला नाही. मंगळवारी लॅबमध्ये मी एका माणसाला तीन वेळा सुई टोचली आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटची माफी मागितली. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. ज्या बापाच्या पायाशी सगळं चर्च बसायला तयार आहे, त्याने एकुलत्या एका मुलीचं जमलेलं लग्न आपल्या पुण्याईसाठी मोडलं, असं माझं मत झालं. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी जपमाळेत माझ्यासाठी विनंती केली तेव्हा मी उठून गेले.

बुधवारी हाफ डे टाकला आणि स्कूटी काढून हर्सूल गाठलं. लग्न मोडलंच असेल तर ते तोंडावर ऐकायचं, एवढंच ठरवलं होतं.

सुभेदारकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "जय ख्रिस्त, ये पोरी," म्हणाले, "म्या कालच वाट बघत हुतो." त्यांनी आतून एक कागद आणला, चष्मा लावला आणि दुसरी खुर्ची माझ्यासमोर ठेवली. कागद पप्पांच्या अक्षरातला होता. पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले होते. दोष, कधीपासून, शेरा.

काका आरोपपत्र वाचावं तसे वाचू लागले.

"एक. राग लवकर येतो. कधीपासून, जन्मापासून. शेरा, लवकर जातो, परंतु आधी येतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटले.

"दोन. बोलताना आवाज चढतो. बोलायला लागल्यापासून. शेरा, शेजारी साक्ष देतील."

"तीन. आपण बघायला आलात तेव्हा मुलगी शांत होती ती दाढेमुळे. शेरा, दाढ आता बरी आहे."

"चार. पुरणपोळी येते असं सांगण्यात आलं ते खरं नाही. लाटते, परंतु तव्यावर उलटताना फाटते."

"ती एकदाच फाटली होती," मी म्हटलं. खरं तर ओरडले. "आणि पुरण सैल झालं होतं, ते आईने केलं होतं. ह्यात काय लिहून द्यायचं? मग पप्पांच्या हातून कधी काही फाटलं नाही का?"

काकांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर दोन खुणा केल्या. "एक नंबर आन दोन नंबर शाबीत," ते म्हणाले.

मी पर्स उचलली. "सरळ सांगा काका. लग्न मोडलंय ना?"

"बस खाली. एवढी वर्षं जेलात काढली म्या. आत आलेला दर एक गडी म्हणायचा, साहेब, म्या काय केलंच नाय. आपल्या पायानं येऊन, कुणी इचारलं नसताना लेखी कबुली देणारा तुझा बाप पयलाच. मला भ्याच वाटलं, असल्या घरात पोरगं द्यावं का नाय." मग त्यांनी आत बघून हाक मारली. "ये रे पोरा, आता बोल. दोन्ही बाजू ऐकल्याबिगर निकाल नाय देत मी, म्हणून ह्याला फोनवर बंदी घातली हुती."

मुलगा बाहेर आला. त्याच्या हातात चहाचे कप होते आणि तो इतका वेळ दाराआड उभा असावा, कारण चहावर साय धरली होती.

"मला पुरणपोळी आवडत नाही," तो म्हणाला.

मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ह्या वेळी त्याचा राग आला नाही. चहा घेऊन मी निघाले तेव्हा काकांनी कागद उलटा करून माझ्या हातात दिला. "मागं पण लिवलंय. ते म्या मोठ्यानं वाचणार नाय. तुझं हाय, तू वाच."

मी गेटबाहेर स्कूटीला टेकून वाचलं. तिथं रकाने नव्हते.

'वरील दोष मुलीचे. खालील दोष बापाचा, परंतु तो मुलीच्या नावावर गेलेला आहे, म्हणून कळवत आहे. मुलगी नववीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांचा स्टँड फुटला. तो दुसऱ्या मुलीने फोडला होता. मुलीने मला घरी खरं सांगितलं होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंसमोर हात जोडले आणि मुलीच्या वतीने माफी मागितली. मुलगी तिथं ओरडली, म्हणून शाळेने तिला आठ दिवस घरी बसवलं. तेव्हापासून ती रागीट म्हणून ओळखली जाते आणि मी नम्र म्हणून. मुलीला राग खोट्याचा येतो. मला येत नाही. हा दोष तपासणीत बापाकडे धरावा.'

शाळेचं ते ऑफिस मला आठवलं. बाई खुर्चीत, पप्पा हात जोडून उभे, आणि "किती सज्जन वडील आहेत तुझे, त्यांच्याकडून काहीतरी शीक" हे वाक्य. आधीच्या फादरांनी ही गोष्ट एका रविवारी प्रवचनात सांगितली होती. लेकीची चूक स्वतःच्या डोक्यावर घेणारा बाप, म्हणून. सगळं चर्च मागे वळून पप्पांकडे बघत होतं आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते, चौदा वर्षांची, न फोडलेल्या नळ्यांची गुन्हेगार. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडलेली आहे, हे मला त्या रस्त्यावर उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. दाढ, हरकत, लग्न हे सगळं वरवरचं होतं.

घरी आले तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लोणच्यासाठी लसूण सोलत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास होता."

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो," पप्पा म्हणाले. "बाई शिकलेल्या, विंग्रजीत बोलायच्या. तुझं नाव काढून टाकतील म्हणून भ्यालो. हात जोडलं. मग लोक म्हनाया लागले, केवढा नम्र. मला बी ते बरं वाटाया लागलं. फादर प्रवचनात बोलले तवा उठून नाय म्हनायचं हुतं. नाय उठलो."

पप्पा दर शनिवारी पापनिवेदनाला जातात. एवढं काय सांगत असतील, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. "हे फादरांना सांगितलंत कधी?" मी विचारलं.

"सांगतो की. दर बारीला सांगतो."

"मग ते माफी देत असतील."

"देव देतो. त्यानं कवाच दिली असंल." त्यांनी पाकळी सोलून वाटीत टाकली. "तुला इचारायचं राहिलं हुतं, माय."

मी त्यांच्यासमोर बसले. माफ केलं असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते खोटं ठरेल असं वाटलं म्हणून मिटलं. "मी अजून चिडलेली आहे," मी सांगितलं.

"चिड की. म्या कुठं नाय म्हनतो."

मग मी लसणाची एक गड्डी उचलली आणि आम्ही दोघांनी मिळून सगळा सोलला. आईने दारातून डोकावून पाहिलं आणि लोणच्याची बरणी पुसायला घेतली.

तिसऱ्या रविवारी फादरांनी सूचना वाचली. हरकतीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पप्पांकडे पाहिलं आणि दोन क्षण थांबले. पप्पा हरकत घेऊन गेले होते ही गोष्ट तोपर्यंत बायकांना कळलेली होती, त्यामुळे चर्चमध्ये खसखस पिकली. पप्पा मात्र फादरांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. परवानगी मागत असल्यासारखे. ते काय करणार आहेत ते मला समजलं आणि मी मान डोलावली.

मिस्सा संपून लोक बाहेर आवारात आले. नेहमीच्या बायकांपैकी एक आईजवळ येऊन म्हणाली, "पोरीच्या रागाचं एवढं मनाला लावून घेतलं हो त्यांनी. संतच आहेत."

"नाय बाई," पप्पा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात सवयीने जुळायला लागले होते. ते त्यांनी खाली सोडले. "संत-बिंत काय नाय. तुमाला एक सांगायचंय. समद्यांनाच सांगायचंय. त्या नळ्या माझ्या पोरीनं फोडल्या नव्हत्या."

माणसं गोळा झाली. पप्पांना थोडक्यात सांगता येत नाही. त्यांनी सुरुवात शाळेच्या प्रवेशापासून केली, मध्ये प्रयोगशाळेची मापं सांगितली, आणि सतरा वर्षांपूर्वीच्या कुठल्या काचेच्या नळ्या हे कुणालाच कळेना. ऊन चढलं. लहान मुलं रडायला लागली. सुभेदारकाका मुद्दाम आमच्या चर्चला आले होते, ते घड्याळ बघत होते. आई स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने मला खूण केली की आता ह्यांना आवर, घरी कुकर लावायचाय.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "थांब. होऊ दे त्यांचं."